वसईच्या तहाने पेशवाई संपली का?

‘३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने पेशवाई संपली,’ हे सध्या फिरणारे विधान चुकीचे आहे. हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी केलेल्या या तहानंतरही गादी, दरबार आणि वसूल कायम होते. गेले ते सार्वभौमत्व, आणि माझ्या मते खरी हानी हीच: कंपनीच्या सल्ल्याविना इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत तिचा निवाडा मानायचा, आणि तिच्या कायमच्या तैनाती फौजेसाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. मराठा मंडळाचे, म्हणजे मराठा सत्तांच्या संघाचे, प्रमुखपद बाजीरावांनी १८१७च्या पुणे तहात सोडले. राज्य १८१८मध्ये गेले.