ना सोयर ना सुतक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कथा-नाटकांतल्या पात्रांच्या मृत्यूंविषयीच्या 'मनातून न जाणारे मृत्यू' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी चार वेळा वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण तिच्यातलं काही मला मुकाट्याने मान्य करावं लागणार होतं आणि काही अजिबात मान्य नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

आधी माझी चूक. संस्कृत नाटकात रंगमंचावर कुणी मरत नाही, असं मी लिहून टाकलं होतं. तुम्ही भासाच्या 'ऊरुभंगा'कडे, म्हणजे भीमाने दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या त्यावरच्या संस्कृत नाटकाकडे, बोट दाखवलंत. युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराला पडलेला वेढा अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या निवेदनवजा प्रवेशातून, सांगावं, असा नियम नाट्यशास्त्रात आहे. त्याच्या जोरावर मी सरसकट विधान केलं. 'ऊरुभंगा'त दुर्योधन प्रेक्षकांसमोरच प्राण सोडतो. लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे. तुमच्यामुळे ते नाटक पुन्हा हातात घेतलं, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता तुमचा मुख्य आक्षेप. "ज्यांचं आपल्याला सोयर ना सुतक, जे कधी जन्मलेच नाहीत, त्यांच्यासाठी रडायचं आणि खऱ्या मृत्यूच्या बातम्यांचं पान उलटायचं, ही भावनेची चैन आहे," असं तुम्ही म्हणता. हा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. तत्त्ववेत्ता रूसोने १७५८ साली द'अलांबेर या फ्रेंच विचारवंताला लिहिलेल्या पत्रात नाटकांवर हाच आरोप केला होता: कल्पित दुःखावर चार अश्रू ढाळले की माणसाला आपलं कर्तव्य झाल्यासारखं वाटतं. त्याच्या कितीतरी आधी, इसवी सन ४००च्या सुमारास, संत ऑगस्टीनने आत्मकथनात स्वतःलाच दोष दिला. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यातल्या डायडो राणीने प्रेमापायी जीव दिला म्हणून मी लहानपणी रडलो, आणि माझा स्वतःचा आत्मा मरणपंथाला लागला होता त्याचं मला काहीच वाटलं नाही, असं तो म्हणतो.

मला या कबुलीत दुसरंच काही दिसतं. हे लिहिताना ऑगस्टीनने चाळिशी ओलांडली होती, तो बिशप झाला होता. शाळेत शिकवलेलं कितीतरी तोवर पुसलं गेलं असेल. डायडो पुसली गेली नव्हती. ते रडणं वाया गेलं असं तो म्हणतो खरा, पण आपण किती वाहवलो होतो हे सांगायला त्याला तिचीच आठवण काढावी लागली.

बातमीचं पान मी उलटते, हे खरं आहे. त्याची मला लाज वाटते आणि ती वाटायला हवी. पण कादंबरीत अश्रू खर्चून टाकले म्हणून बातमीसाठी उरले नाहीत, असं काही होत नाही. बातमीतल्या माणसाचं मला वय कळतं, फार तर नाव कळतं. कादंबरीतल्या माणसाच्या घरात मी तीनशे पानं वावरलेली असते. तो कशावर चिडतो, कुठला खोटेपणा स्वतःपासूनही लपवतो, हे मला ठाऊक असतं. शोक ओळखीतून येतो. ओळख नसलेल्या माणसासाठी मला करुणा वाटू शकते, तीही वाटली नाही तर तो माझा दोष. पण ओळखीच्या माणसाचा शोक झाला, यात मला दोष दिसत नाही, मग ती ओळख शब्दांतून झालेली का असेना.

आणखी एक गोष्ट मी मूळ लेखात लिहायची टाळली होती. माझे वडील गेले तेव्हा मला रडायला फुरसत नव्हती. फोन करायचे होते, कागद शोधायचे होते, आईला औषध द्यायचं होतं. खऱ्या मृत्यूत आपल्या हाताला काम असतं, आणि त्या कामाचाच आधारही असतो. कथेतल्या मृत्यूपाशी वाचकाला करण्यासारखं काहीच नसतं. नुसतं बघत राहावं लागतं. 'साहित्यदर्पण' हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या विश्वनाथाने हा अनुभव अचूक पकडला आहे: रसास्वाद घेताना ते दुःख परक्याचं की परक्याचं नव्हे, माझं की माझं नव्हे, ही वाटणीच उरत नाही. तुमचा दुसरा प्रश्न, 'दुःखच होत असेल तर मुद्दाम वाचता कशाला?', हाही त्याने घेतला आहे. करुण रसात नुसतं दुःख असतं तर त्याच्याकडे कुणी वळलंच नसतं, असं तो म्हणतो, आणि पुरावा म्हणून सहृदयांच्या, म्हणजे जाणत्या रसिकांच्या, अनुभवाकडेच बोट दाखवतो. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर तुम्हाला अपुरं वाटेल. मला ते पटतं.

लेखक रडू काढण्यासाठी पात्रं मारतात, हा तुमचा तिसरा मुद्दा. मारतात. पाऊस पडायला लागतो, पार्श्वसंगीत चढतं, मरणारा माणूस लांबलचक बोलत राहतो. तेवढ्यापुरते डोळे माझेही भरतात आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. पण हेतूवरून मृत्यूची खोली ठरत नाही. आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला मारलं ते कुणाला रडवायला नव्हे. त्याला या पात्राचा कंटाळा आला होता, ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायला मोकळीक हवी होती. डिसेंबर १८९३च्या 'स्ट्रँड' मासिकात होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात नाहीसा झाला आणि संतापलेल्या वाचकांची पत्रं आली. १९०३ साली डॉयलने त्याला परत आणलं. त्या कथेत प्रेत नाही, अखेरचा श्वास नाही. वॉटसन धावत कड्यापाशी येतो, तेव्हा खडकाला टेकवून ठेवलेली होम्सची काठी आहे, चांदीच्या सिगारेटकेसखाली वहीची तीन पानं आहेत, आणि हाकेला फक्त प्रतिध्वनी आहे. होम्स परत येतो हे ठाऊक असूनही ती काठी मला अजून अस्वस्थ करते. ती टेकवणारा हात तिथे नाही.

मनात राहतं ते मरण नव्हे, मरणानंतर मोकळी पडलेली जागा, असं मला म्हणायचं होतं. मूळ लेखात ते नीट उतरलं नाही. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकी कार्यक्रमात दुकानदार मिस्टर हूपर होते. ते काम करणारे विल ली डिसेंबर १९८२मध्ये वारले. नवा नट घेता आला असता, हूपर दुसऱ्या गावी गेले असंही सांगता आलं असतं. कार्यक्रमाच्या लोकांनी दोन्ही टाळलं. नोव्हेंबर १९८३च्या एका भागात बिग बर्ड हा कार्यक्रमातला भलामोठा बाहुला-पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, एकेकाला वाटतो, आणि हूपर यांचं चित्र हातात उरतं. ते आले की देईन, असं तो म्हणतो. मग मोठी माणसं त्याला सांगतात की ते आता येणार नाहीत. इथे मरण दिसतच नाही, दिसतं ते द्यायचं राहिलेलं चित्र. याला रडू काढण्याची युक्ती म्हणायला माझं मन धजत नाही.

तुम्ही सांगितलेलं 'ऊरुभंग' परवा रात्री वाचून काढलं. दुर्योधन मरतो तो भाग पूर्वी वाचलेला होता, तोच तेवढा लक्षात होता. या वेळी त्याच्या आधीच्या भागात अडकले. आंधळा धृतराष्ट्र आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी रणभूमीवर मुलाला शोधत येतात. सोबत दुर्योधनाचा छोटा मुलगा दुर्जय आहे. तो दमला आहे. बाप सापडल्यावर तो नेहमीसारखा त्याच्या मांडीवर बसायला जातो.