डोळा बरा झाला, मग एमआरआय कशाला?

“दोळो बरो जालो न्हय, मागीर एमआरआय कित्याक?” हा आमच्या काकांचा प्रश्न. काका खर्चाकडे बघून बोलत होते, हे मान्य. तरी माझं मत उलट आहे: डोळा बरा झाला, तरी मेंदूचा एमआरआय व्हायलाच हवा.

माझी मावसबहीण डिचोलीला असते, वय तिशीच्या आत. डाव्या डोळ्याने अंधुक दिसायचं, डोळा फिरवला की आतून दुखायचं. पूजेची फुलं काढताना तिच्याच लक्षात आलं की उजवा डोळा मिटला की लालभडक जास्वंद विटकी दिसते. चष्म्याच्या दुकानात नंबर तेवढा बदलून मिळाला. पुढे डॉक्टरांनी टॉर्च उजव्या डोळ्यावरून डाव्यावर नेला, तर डावी बाहुली आकसायची सोडून मोठी झाली. आतला पडदा मात्र ठणठणीत, कारण सूज मागच्या नसेला होती. ऑप्टिक न्यूरायटिस.

यात बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीचशी परत येते. १९९२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं की शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने ती लवकर येते, पण शेवटी फारसा फरक उरत नाही. आणि नुसत्या प्रेडनिसोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांवर ठेवलेल्यांत दुखणं जास्त वेळा उलटलं. (फार्मसीतून स्वतःच गोळ्या आणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

त्याच रुग्णांचा पुढे १५ वर्षं माग ठेवला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नव्हता, त्यांच्यातल्या २५ टक्के लोकांना मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) हा मेंदू आणि नसांचा आजार झाला. एक जरी डाग होता, त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के. डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच भाग. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावरचं मायलिनचं आवरण कुरतडते, तशीच आत मेंदूतही कुरतडते.

एमआरआयमध्ये असे पांढरे ठिपके मायग्रेनने, बीपीनेही दिसतात, म्हणून रिपोर्ट गूगलवर टाकून रडत बसू नये. एमएसचे डाग बहुधा लंबगोल, मेंदूतल्या पोकळ्यांना लागून, शिरांभोवती असतात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की ताजे डाग उजळतात, जुने नाहीत. दोन्ही एकाच वेळी दिसले, तर दुसऱ्या झटक्याची वाट न बघता निदान करता येतं. बहिणीचं तसंच झालं, औषध वेळेत सुरू झालं.

आता गंमत बघा. मे महिन्यात भरल्या बसमधून घामाघूम होऊन आली की तिला पुन्हा धूसर दिसतं, आणि एमआरआय नको म्हणणारं घर लगेच गाडी काढतं! जर्मन डॉक्टर उटहॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवलंय. अंग तापलं की इजा झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाही. गार झालं की नजर पूर्ववत. चोवीस तास टिकलं तर मात्र डॉक्टर गाठावा.

नवे डाग कसलंही लक्षण न देता उठू शकतात, त्यामुळे औषध चालू असतानाही अधूनमधून एमआरआय करावा लागतो. तिचा पुढचा चवथीनंतर आहे. तो पुढे ढकलायचा नाही, एवढं मावशीला आत्ताच सांगून ठेवलंय.