क्लार्कनंतरची आयोवा
विक्रमी गुण करणारी केटलिन क्लार्क व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेल्यामुळे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ २०२४-२५च्या हंगामात तळाला जाईल, असे भाकीत हंगामाआधी एका लेखात केले आहे; ते मला पटत नाही. महाविद्यालयीन कारकिर्दीत ३,९५१ गुण करणाऱ्या खेळाडूची जागा कोणी भरून काढणार नाही हे उघड आहे. शिवाय केट मार्टिन आणि गॅबी मार्शल या खेळाडूही संघातून गेल्या, मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर निवृत्त झाल्या. पण नव्या मुख्य प्रशिक्षक जॅन जेन्सन २०००पासून तिथेच ब्लूडर यांच्यासोबत होत्या, आणि उंच खेळाडू घडवण्यात त्यांचा हात धरणारे फारसे कोणी नाही (आयोवाची माजी खेळाडू मेगन गुस्टाफसन त्यांच्याच तालमीत तयार झाली). व्हिलानोव्हा विद्यापीठातून आलेली लुसी ओल्सेन २०२३-२४च्या हंगामात सामन्यामागे २३हून अधिक गुण करत होती. मला खरी काळजी वाटते ती संघातल्याच हॅना स्टुल्कीची. पेन स्टेट विद्यापीठाविरुद्ध तिने ४७ गुण केले खरे, परंतु तेव्हा बचाव करणाऱ्यांचे डोळे क्लार्कवर खिळलेले असत आणि हॅना बास्केटकडे धावू लागली की चेंडू नेमका तिच्या हातात येत असे; आता दोघीतिघींच्या गराड्यात, बास्केटकडे पाठ करून तिला स्वतःच जागा काढावी लागेल. यूसीएलए, यूएससीसारखे चार नवे संघ आल्याने बिग टेन (आयोवा खेळते ती विद्यापीठांची साखळी) १८ संघांची झाली आहे, तेव्हा अंतिम फेरीची आशा धरू नये; एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेतले स्थान मात्र या संघाने मिळवायलाच हवे.