गुळाचा खडा आणि वेल्डिंगचा धूर

"वेल्डिंगचा धूर नॅनो असतो, श्वासाबरोबर जातो तसाच बाहेर येतो. सुटी झाली की गुळाचा खडा खा, फुफ्फुस साफ. एन-९५ म्हणजे पैसे पाण्यात." हा मेसेज कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या आमच्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने मास्क खुंटीला टांगला. म्हणून हा खटाटोप.

आधी गूळ. सांगलीत बसून गुळाला नावं ठेवायची नाहीत. शिवाय यामागे एक खरा अभ्यासही आहे, लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राचा, १९९४ साली छापलेला. पण फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो वाचावा तरी! प्रयोग उंदरांवर झाला. धूळ कोळशाची आणि सिलिकाची होती, वेल्डिंगचा धूर नव्हता. गूळ अर्धा ग्रॅम, आठवड्याला ५ दिवस, ९० दिवस. पाव किलोचा उंदीर धरला तर नुसत्या वजनाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम होतात. याला खडा म्हणत नाहीत. फुफ्फुसाची इजा कमी दिसली, हे मान्य. पण कोळशाचे कण सरकले ते जवळच्या लसिकाग्रंथींत (शरीरातल्या छोट्या गाळण्यांत). म्हणजे अंगणातला कचरा परसात.

आणि "गूळ धूळ ओढून नेतो" हे तर अजबच. गूळ अन्ननलिकेत जातो, धूर श्वासनलिकेत. श्वासनलिकेतली घाण तिथले सूक्ष्म केस वर ढकलतात, पण खालच्या वायुकोशांत (फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक पिशव्यांत) ते केसच नसतात. तिथे कण गिळणाऱ्या पेशी असतात, आणि नॅनोकण त्यांच्या हाती नीट लागत नाहीत.

"जातो तसाच येतो" हे अर्धसत्य. ०.३ मायक्रॉनच्या, म्हणजे ३०० नॅनोमीटरच्या, आसपासचे बरेच कण खरंच परत येतात. पण २० नॅनोमीटरच्या आसपासचे साधारण निम्मे वायुकोशांतच बसतात. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ सालीच पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्यांत घातलंय.

मास्कचं सांगायचं तर एन-९५ला अडवायला सगळ्यात अवघड आकार साधारण ५० ते १०० नॅनोमीटर, आणि चाचणीत असे कण भरपूर असतात. त्याहून बारीक कण वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूंना जास्त चिकटतात. दाढीवर मास्क लावला तर मात्र कडेनेच हवा शिरते. ओल्या रुमालाबद्दल बोलायलाच नको.

खरा उपाय धूर ओढून घेण्याचा. सक्शन पाइपच्या तोंडापासून तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ जेमतेम दहा टक्के उरते. ६ इंची तोंड असेल तर ते वेल्डिंगच्या जोडापासून ६ इंचांच्या आत, आणि बाजूला हवं. डोक्यावर लावलं तर धूर नाकासमोरूनच वर जातो. वेल्डिंग करायचा पाइप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, असेल तर जोडाजवळचं जस्त आधी काढा, तेही मास्क लावूनच. नाहीतर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि दूध प्यायल्याने तो टळत नाही.