रात्रीचे भाडे, महिन्याचे भाडे आणि मधला हिशेब

घरे रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देण्यावरून वाद सुरू झाला की एक बाजू पर्यटकांना दोष देते आणि दुसरी घरमालकाच्या हक्काचा मुद्दा पुढे करते. मला वाटते, दोन्ही बाजू एका साध्या प्रश्नाला बगल देतात: वर्षाकाठी किती रात्री भरल्या की कायमच्या भाडेकरूपेक्षा पाहुणा परवडू लागतो?

समजा, एका रात्रीचा दर महिन्याच्या भाड्याच्या एक दशांश आहे. चादरी-टॉवेल, साफसफाई, वीज, ॲपचे कमिशन आणि किल्ल्या सांभाळणाऱ्याचा मोबदला यांत उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग जातो असे धरू. मग महिन्याला 15 रात्री भरल्या की मालकाच्या हातात बरोबर महिन्याचे भाडे पडते आणि त्यापुढची प्रत्येक रात्र वरकमाई ठरते. म्हणजे निम्मे दिवस घराला कुलूप असले तरी मालकाचे काही बिघडत नाही, आणि घर शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला त्या रिकाम्या दिवसांचा काडीचाही उपयोग नसतो. दर एक पंचमांश असेल तर साडेसात रात्रींतच काम भागते.

हा दर ठरतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. आज न विकलेली रात्र उद्या विकता येत नाही, म्हणून किंमत ठरवणारे सॉफ्टवेअर हंगाम, वार, जवळपासची रिकामी घरे आणि तारखेला उरलेले दिवस पाहून दर सतत हलवत राहते. मंगळवारची रात्र शनिवारच्या रात्रीपेक्षा बरीच स्वस्त असू शकते. त्यातून साफसफाईचे शुल्क बहुधा मुक्कामामागे एकदाच लागते, त्यामुळे एका रात्रीच्या पाहुण्याला ते चांगलेच झोंबते आणि आठवडाभर राहणाऱ्याला जाणवतही नाही. सुरुवातीला लहान आकडा दाखवून शेवटच्या पानावर शुल्के चढवण्याच्या या सवयीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने मे 2025 पासून लागू केलेल्या नियमाने चाप लावला आणि एकूण किंमत आधीच दाखवणे बंधनकारक केले. पाहुण्यांसाठी हे चांगलेच झाले, पण भाडेकरूचा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘एवढ्या घरांनी काय फरक पडतो?’ असे विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. बॅरन, कुंग आणि प्रोसर्पियो या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील आकडेवारीवर आधारलेल्या निबंधानुसार एअरबीएनबी या रात्रीच्या हिशेबाने घरे भाड्याने देणाऱ्या ॲपवरील घरे 1 टक्क्याने वाढली की भाडी सुमारे 0.018 टक्के आणि घरांच्या किमती सुमारे 0.026 टक्के वाढतात. आकडा क्षुल्लक वाटतो खरा, परंतु अशा घरांची संख्या वर्षाला एक टक्क्याने नव्हे, तर कित्येक पटींनी वेगाने वाढत होती. शिवाय, जिथे मालक स्वतःच्या घरात राहण्याचे प्रमाण जास्त, तिथे हा परिणाम कमी आढळला, आणि माझ्या मते निबंधातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपल्या राहत्या घरातली एक खोली देणारा माणूस बाजारातून घर काढून घेत नाही; चार-चार सदनिका केवळ पाहुण्यांसाठी राखून ठेवणारा मात्र काढून घेतो. दोघांना एकच नियम लावणे मला अन्यायाचे वाटते.

वर्षातल्या रात्रींवर मर्यादा घालण्याचा उपाय मला म्हणूनच पटतो, मात्र ती मर्यादा वरच्या हिशेबाला धरून असायला हवी. लंडनमध्ये 2015 पासून पूर्ण घरासाठी वर्षाला 90 रात्रींची मर्यादा आहे. आपल्या पहिल्या उदाहरणात 90 रात्रींतून खर्च वजा जाता जेमतेम सहा महिन्यांचे भाडे निघते, तेव्हा मालक भाडेकरू शोधेल. दुसऱ्या उदाहरणात मात्र तेवढ्याच रात्रींत पूर्ण वर्षाचे भाडे वसूल होते आणि मर्यादा असून नसल्यासारखी होते. ॲमस्टरडॅमने 2019 मध्ये 60 वरून 30 रात्रींवर येण्याचे धाडस केले, ते मला अधिक समजूतदारपणाचे वाटते. बार्सिलोनाने तर नोव्हेंबर 2028 पर्यंत सुमारे 10,000 पर्यटक सदनिकांचे परवाने संपुष्टात आणण्याचे जाहीर केले आहे, पण सरसकट बंदीत वर्षातले दोन-तीन आठवडे घर देणारा रहिवासीही भरडला जातो.

नुसता कागदावरचा नियम मात्र चालत नाही. एका ॲपवरच्या रात्री संपल्या की तेच घर दुसऱ्या ॲपवर चढवता येते आणि एवढी पडताळणी करायला नगरपालिकेकडे माणसे नसतात. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या घराचे बुकिंग स्वीकारण्यास कंपन्यांनाच मनाई केली आणि पडताळणीचा भार त्यांच्यावर टाकला. तिथली भाडी त्यानंतर काही उतरली नाहीत, असे विरोधक म्हणतात आणि ते खरे आहे. पण वर्षानुवर्षे पुरेशी घरेच न बांधलेल्या शहरात एका कायद्याने भाडी उतरतील, अशी अपेक्षा धरणेच मुळात चुकीचे होते. त्या कायद्याची परीक्षा भाड्याच्या आकड्यावर न घेता, किती सदनिकांवर पुन्हा वर्षभराचे भाडेकरार झाले यावर घ्यावी.