एल तोरितो सर्कशीतून आला नव्हता

बैलाचा मुखवटा, मागे शेपूट, बैलांशी झुंजणाऱ्या मातादोरांच्या वेशातल्या दोन पैलवानांच्या पुढेमागे धावणारा बुटका पैलवान एल तोरितो. दहा-बारा वर्षांपूर्वी डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकेतली कुस्ती पाहणाऱ्यांना तो लख्ख आठवत असेल. त्याच्या फोटोसोबत एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो. सांगणं असं, की हा मेक्सिकोतल्या सर्कशीत होता. तिथे बुटक्या माणसांना नामवंत पैलवानांची नक्कल करायला लावतात. अमेरिकेने त्याला पैलवान केलं. आणि सगळी नुरा कुस्तीच, तर त्यात कसब कसलं? यातलं फार तर अर्धं वाक्य खरं आहे.

सर्कशीचं आधी. २०१३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत येण्यापूर्वी हाच माणूस मास्करिता दोरादा, म्हणजे ‘छोटा सोनेरी मुखवटा’, या नावाने सीएमएलएल या मेक्सिकोतल्या कुस्ती कंपनीच्या मिनी, म्हणजे कमी उंचीच्या पैलवानांच्या गटात लढत होता. ही कंपनी १९३३ सालची, आणि मेक्सिको सिटीतलं अरेना मेक्सिको हे तिचं घर. मिनींसाठी तिथे १९९२ पासून वेगळं जागतिक अजिंक्यपद आहे. पहिला मानकरी मास्करिता साग्रादा. या गटामागचं डोकं सीएमएलएलमध्येच काम करणाऱ्या अंतोनियो पेन्याचं. त्याच वर्षी पेन्या बाहेर पडला, त्याने एएए ही कंपनी काढली, आणि साग्रादासह बरेच मिनी त्याच्यामागोमाग गेले. सीएमएलएलने मग नव्या मिनींना घेऊन गट पुन्हा उभा केला. आणि या गटातले सगळे जन्मजात खुजे असतात असंही नाही. काही नुसतेच उंचीला कमी.

नक्कल हे ते अर्धं खरं वाक्य. मोठ्या गटातल्या नामवंतांवरून, म्हणजे ओक्तागोनवरून ओक्तागोनसितो, उल्तिमो द्रागोनवरून उल्तिमो द्रागोनसितो, अशी नावं आणि पोशाख सर्रास येतात. पण नेमकं ज्याच्याबद्दल हे लिहिलंय, त्याच्या बाबतीत गंगा उलटी वाहिली. मास्करिता दोरादा आधी गाजला आणि त्याच्यावरून सीएमएलएलने मोठ्या गटात मास्कारा दोरादा हा पैलवान उभा केला. तोच पुढे ग्रान मेतालिक नावाने डब्ल्यूडब्ल्यूईत आला आणि २०१६ च्या क्रूझरवेट क्लासिक या हलक्या वजनाच्या पैलवानांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचला. शिवाय दामियानसितो एल गेरेरो नावाने मिनींत लढणारा एकजण मोठ्या गटात जाऊन ‘व्हायरस’ झाला, आणि जमिनीवरच्या डावपेचांचा उस्ताद म्हणून नावाजला गेला.

हसू होतंच, ते नाकारायचं कारण नाही. सीएमएलएलमधला केमोनितो, निळ्या माकडाच्या वेशातला, मोठ्या पैलवानांच्या लाथा खायचा, उचलून फेकला जायचा. मला ते बघवत नाही. पण तो मिनी गटाचा पैलवान नव्हे, पैलवानाबरोबर येणारा ‘मास्कोता’, म्हणजे वेश घातलेला सोबती. मजकुराने दोघांना एकाच पोत्यात भरलंय.

अमेरिकेने घडवलं, ही तर कमालच. मेक्सिकोत गट उभा राहिल्यावर मिनी अमेरिकेत गेले: १९९४ मध्ये लॉस एंजेलिसला एएएच्या मोठ्या कार्यक्रमात, १९९७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव). उलट तोरितोच्या कुस्तीचा पोरखेळ कोणी केला असेल तर डब्ल्यूडब्ल्यूईने. ४ मे २०१४ ला हॉर्नस्वॉगल या तिथल्याच बुटक्या पैलवानाविरुद्ध त्याला बुटकी टेबलं, बुटक्या शिड्या, बुटक्या खुर्च्या देऊन लढवलं. त्या चेष्टेतही दोघं जीव तोडून लढले. १ जूनला पुन्हा गाठ पडली, पैजेची: एकाचा मुखवटा, दुसऱ्याचे केस. मेक्सिकोत पैजेत मुखवटा गेला की चेहराच नाही, तर खरं नाव-गावही जाहीर होतं आणि तो मुखवटा पुन्हा चढवता येत नाही. तोरितो जिंकला, हॉर्नस्वॉगलचं मुंडण झालं.

नुरा कुस्तीचं काय? निकाल आधी ठरतो, मान्य. पण प्रतिस्पर्ध्याच्या मानेला पायांची कैची घालून त्याच्याभोवती भिंगरीसारखे गरागरा फेरे घ्यायचे आणि शेवटी त्यालाच भुईवर आपटायचं, हे कागदावर ठरवून अंगात येत नाही. हा डाव मास्करिता दोरादाची ओळख होता, तोरितो व्हायच्या कितीतरी आधीपासून.

२०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला मोकळं केलं. बैलाची शिंगं उतरली, आणि तो पुन्हा सोनेरी मुखवटा घालून लढायला लागला.