वीसच्या आतला पट आणि फुकटचे सल्ले

'वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी. बंद करा, मुलं बसने मोठ्या शाळेत न्या.' फिरत फिरत हा मेसेज वहिनीच्या मोबाइलवर आला. पुतणी वाडीवरच्या शाळेत तिसरीला, पट अकरा. "भावोजी, आपली शाळा बंद होणार का हो?" मेसेज पुढे ढकलणारे शहरात राहणारे आपलेच नातेवाईक, म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला हे उत्तर.

'सहा मुलांमागे एक शिक्षक, बसून पगार.' यातला आकडा खोटा नाही. २०२३ मध्ये समूह शाळांचे (म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा) प्रस्ताव मागवले गेले तेव्हा राज्यात वीसच्या आतल्या पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक, असा हिशोब समोर आला. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुलं, दोन शिक्षक. पण हे दोन शिक्षक ही कुणाची खैरात नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याची अनुसूची उघडून बघा : पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत, म्हणजे ते दोघं मिळून चार इयत्ता शिकवतात. एक जण मीटिंगला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात, वर पोषण आहाराच्या नोंदी. बसून पगार खाणारे असतील. ते मोठ्या पटाच्या शाळेतही असतात.

'वीसची अट कायद्यातच आहे.' अर्धवट वाचलंय. राज्याच्या २०११ च्या शिक्षण हक्क नियमांत वीस मुलांचा आकडा येतो तो नवी शाळा उघडताना. चालू शाळेला टाळं ठोकायला नाही. त्याच नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असंही आहे. ते मेसेजमधून बरोबर गळलं.

आता बस. इथे मात्र डोकं फिरतं. कुठली बस? आमच्याकडे एसटी डांबरी रस्त्यापर्यंत येते, वाडी त्याच्या वर. जून ते सप्टेंबर ओढ्याला पाणी असतं, साकवावरून मोठी माणसंसुद्धा जपून जातात. सहा वर्षांचं पोर तिथून कोण नेणार? आईबाप लावणीच्या चिखलात असतात. दोन दिवस गाडी चुकली की तिसऱ्या दिवशी पोरगं घरीच राहतं, आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवंच म्हणून मुलगी आधी घरी बसते. पटावर नाव तसंच राहतं, म्हणून कागदावर गळती दिसत नाही. आणि पैसे वाचणार कसे? शिक्षक कायम नोकरीतले. शाळा बंद झाली तर त्यांचं दुसरीकडे समायोजन होईल, पगार चालूच. वर बसचं भाडं.

'चार मुलांच्या शाळेत खेळायला कोण?' हे मान्य. खो-खोचा संघ होत नाही, इयत्तेत एकटंच असलेलं पोर कंटाळतं. मग महिन्यातून एखाददोन दिवस आसपासच्या वाड्यांच्या शाळा एकत्र भरवा. केंद्रप्रमुखाने, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने, मनावर घेतलं तर अवघड नाही. त्यासाठी रोजची शाळा कशाला उचलायची?

'शिक्षकांची स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत जातात.' जात असतील. आमच्या वाडीत इंग्रजी शाळा नाही.

वहिनीला सांगितलंय, बंदीचा कागद आलेला नाही. आला तर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावायची, ठराव करायचा आणि वाडीपासून दुसऱ्या शाळेपर्यंतचं अंतर टेपने मोजून त्याला जोडायचं.